डर्ट बाइक आणि एटीव्हीचे पार्ट दुकानातून घेताना: नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

पुण्यात दुचाकीचा सुटा भाग हवा असला की पाय आपोआप नाना पेठेकडे वळतात. रोजच्या गाडीसाठी तिथं फारसं डोकं चालवावं लागत नाही. ‘स्प्लेंडरची क्लच केबल द्या’ म्हटलं की मिनिटभरात केबल काउंटरवर येते. पण हेच हिरोच्या ‘एक्सपल्सचे ब्रेक पॅड’ किंवा एटीव्हीचं, म्हणजे मातीत चालणाऱ्या जाड टायरांच्या छोट्या चारचाकीचं, ‘मागचं बेअरिंग’ मागितलं की समोरून उलटे प्रश्न सुरू होतात. कुठल्या सालची? टू व्हॉल्व्ह की फोर व्हॉल्व्ह? इंजिन कुठलं? सॅम्पल आणलंय का? नवखा माणूस इथंच गडबडतो आणि अंदाजानं काहीतरी पिशवीत घालून घरी येतो.

हा लेख अशांसाठीच आहे. मातीत गाडी चालवणाऱ्यांचे आपल्याकडे ढोबळ तीन गट दिसतात. पहिला, नंबर प्लेटवाली गाडी शनिवार-रविवारी मातीत उतरवणारे: हिरो इम्पल्स, एक्सपल्स, हिमालयन. दुसरा, कावासाकीच्या केएलएक्स १४० किंवा केएक्ससारखी फक्त ट्रॅकसाठीची गाडी बाळगणारे. तिसरा, फार्महाऊसवर, रिसॉर्टवर किंवा नागावसारख्या किनाऱ्यावर ११०-१२५ सीसीची चायनीज एटीव्ही चालवणारे. तिघांच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी उपाय एकच आहे: दुकानात गाडीचं नाव घेऊन जाऊ नका, त्या भागाची नेमकी ओळख घेऊन जा.

१. गाडीची कुंडली लिहून काढा

मोबाइलमध्ये एक नोट उघडा आणि त्यात चॅसिस नंबर, इंजिन नंबर, बनावटीचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा. नोंदणी असलेल्या गाडीच्या आरसी बुकावर हे सगळं मिळतं. तरी चॅसिसवर कोरलेल्या नंबरचा आणि कंपनीच्या प्लेटचा फोटोही काढा.

याची गरज का पडते ते एक्सपल्सवरून लगेच कळेल. २०१९ साली आलेली एक्सपल्स २०० कार्बोरेटर आणि फ्युएल इंजेक्शन अशा दोन्ही रूपांत मिळत होती. २०२० मध्ये बीएस-६ सोबत फक्त फ्युएल इंजेक्शन राहिलं आणि ऑइल कूलर आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि २०२३ मध्ये गाडी पुन्हा सुधारली. म्हणजे ‘एक्सपल्स २००’ या एका नावाखाली इंजिनाच्या कितीतरी भागांचे वेगवेगळे नमुने आहेत. त्यात एक्सपल्स २००टी ही निराळीच गाडी. तिला दोन्हीकडे १७ इंची चाकं, तर साध्या एक्सपल्सला पुढे २१ आणि मागे १८. घाईत बोलताना हा ‘टी’ राहून जातो आणि भलताच भाग हातात येतो.

चायनीज एटीव्हीचं तर नाव विसरूनच जा. टाकीवर काय स्टिकर आहे याला काही अर्थ नसतो, कारण तीच गाडी दहा नावांनी विकली जाते. तिची खरी ओळख इंजिनाच्या खोक्यावर कोरलेली असते. चिखल पुसून टॉर्च मारली की १५२एफएमएच किंवा १५४एफएमआय असं काहीतरी दिसेल. यातला पहिला १ म्हणजे एक सिलिंडर. पुढचे दोन आकडे म्हणजे बोअरचा, म्हणजे पिस्टन फिरतो त्या पोकळीचा व्यास मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे हवेनं थंड होणारं इंजिन, एम म्हणजे मोटरसायकल गटातलं, आणि शेवटचं अक्षर सीसीचा वर्ग सांगतं: एच असेल तर ११०, आय असेल तर १२५. पिस्टन, रिंगा, हेडचं पॅकिंग, क्लच हे सगळं या कोडवरून मिळतं. दुकानदाराला ‘१५२एफएमएच आहे’ एवढं सांगितलंत तर तो पुढचे निम्मे प्रश्न विचारणारच नाही.

२. पार्ट नंबर असेल तर तो शोधा

हिरो, रॉयल एन्फिल्ड, कावासाकी यांच्या गाड्यांचे पार्ट कॅटलॉग असतात. त्यात प्रत्येक जोडणीचं सुटं करून काढलेलं चित्र असतं आणि चित्रातल्या आकड्यासमोर पार्ट नंबर दिलेला असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर काउंटरवर चॅसिस नंबर दिला की स्क्रीनवर तो नंबर निघतो. विनंती केली तर बहुतेक जण फोटो काढू देतात. चार दिवसांनी दुसऱ्या दुकानात गेलात तरी तोच नंबर चालतो.

एक खाचखळगा लक्षात ठेवा: कंपनी कधीकधी जुना नंबर बंद करून त्याच भागाला नवा नंबर देते. ‘हा नंबर बंद झालाय’ असं ऐकलं की निराश होऊन परत फिरू नका. बदली नंबर काय आहे ते विचारा.

३. मापं घ्या, हीच खरी तयारी

चायनीज एटीव्हीला कॅटलॉग नसतो आणि जुन्या गाड्यांवर आधीच्या मालकानं काय बसवलंय याचा भरवसा नसतो. त्यामुळे शेवटी मापच कामाला येतं. साधा डिजिटल व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरच्याही खालचं माप दाखवणारी पट्टी घ्या. या छंदात त्याच्याइतकं पैसे वसूल करून देणारं हत्यार मी पाहिलेलं नाही.

चेन. चेनच्या पट्टीवर आकडा उठवलेला असतो: ४२०, ४२८, ५२०. पहिला आकडा पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर सांगतो, अष्टमांश इंचात. म्हणजे ४ असेल तर अर्धा इंच, १२.७ मिमी. ५ असेल तर १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे रुंदीचे. ४२० आणि ४२८ यांचं पिच एकच, त्यामुळे ४२८ची चेन ४२०च्या चक्क्यावर, म्हणजे दातेरी स्प्रॉकेटवर, बसलेली दिसते. पण ती आडवी हलते आणि थोड्याच दिवसांत दात खाऊन टाकते. एटीव्हीवाल्यांच्या बाबतीत हे सारखं घडतं. चेनसोबत कड्यांची संख्याही मोजून न्या.

जुनी चेन खरंच संपली आहे का, हेही आधी बघा. मागच्या चक्क्याच्या अगदी पाठीमागून चेन मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर ती गेली. आणखी नेमकं हवं असेल तर चेन ताणून २० पिचचं अंतर मोजा. नवी ४२८ असेल तर ते २५४ मिमी भरतं. २५९च्या आसपास गेली असेल तर नवीन घ्या. आणि घ्याल तेव्हा पूर्ण चेन सेट घ्या, पुढचा-मागचा चक्का धरून. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लगेच झिजते.

चक्क्याचे दात मोजा, आतल्या भोकाचा व्यास घ्या, बोल्टची भोकं किती ते पाहा. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर लिहा. छोट्या चायनीज इंजिनांचा पुढचा शाफ्ट कधी १७ मिमीचा असतो, कधी २० मिमीचा. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

दात बदलून चढावर जास्त ताकद हवी असेल तर हिशोब सोपा आहे. समजा पुढे १३ आणि मागे ३९ दात आहेत, म्हणजे गुणोत्तर ३. पुढे एक दात कमी केला की ३.२५ होतं. मागचा चक्का बदलून एवढंच मिळवायचं तर तीन दात वाढवावे लागतात आणि चेनही लांब लागू शकते. पुढचा छोटा चक्का स्वस्त असतो. सुरुवात तिथून करा.

बेअरिंग. यावर नंबर असतोच. ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५ आणि जाडी ११ मिमी. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. ६३०१ म्हणजे १२, ३७, १२. नंबर पुसला गेला असेल तर ही तीन मापं घ्या, नंबर निघतो. आपल्यासाठी महत्त्वाचं असतं ते नंबरच्या पुढचं शेपूट. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. चिखलात, ओढ्यात, खाऱ्या वाळूत गाडी जाणार असेल तर चाकाला २आरएसच हवं. ‘तेच आहे साहेब, घेऊन जा’ म्हणून झेडझेड पुढे केलं तर नम्रपणे परत करा.

शॉकअपचं ऑइल सील. सीलवरच आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची छापलेली असते. एक्सपल्सच्या पुढच्या शॉकअपची नळी ३७ मिमीची आहे. नळीवरून सील ठरतं, पण बाहेरचा व्यास आणि उंचीही जुळली पाहिजे. एका बाजूचं गळत असलं तरी दोन्ही बाजूंची घ्या, आणि सोबत धूळ अडवणारी वरची टोपी, म्हणजे डस्ट सीलही घ्या. लाल मातीत फिरणाऱ्या गाडीत आतलं सील खराब होण्याआधी बहुधा ही टोपीच फाटलेली असते.

टायर. मोटरसायकलचं माप आपल्याला सवयीचं असतं. ९०/९०-२१ म्हणजे रुंदी ९० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम २१ इंची. एटीव्हीचं माप निराळ्या पद्धतीनं लिहितात. १९×७-८ म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास १९ इंच, रुंदी ७ इंच आणि रिम ८ इंची. दुकानात फक्त ‘आठ इंची टायर’ मागितलात तर पुढचा आणि मागचा यात घोळ होणार, कारण रिम दोन्हीकडे ८ इंचीच असते, रुंदी वेगळी. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३वा आठवडा. मातीसाठीचे मोठ्या गुठळ्यांचे नॉबी टायर कमी खपतात, म्हणून गाळ्यात वर्षानुवर्षं पडून राहतात. तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्पार्क प्लग. नंबर तोच हवा. ११० सीसीच्या चायनीज एटीव्हीत बहुतेक वेळा ए७टीसी असतो. एनजीकेचा सी७एचएसए त्याच्या जागी चालतो. आट्यांचा व्यास किंवा लांबी चुकली तर हेडचे आटे जातात, आणि मग लेथवाल्याची पायरी चढावी लागते.

केबल. हँडलखाली रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे बसवले असतील तर मूळ लांबीची केबल ताणली जाते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा आणि लांबी त्यानुसार सांगा.

४. सोबत काय न्यायचं

- आरसी बुकाची प्रत किंवा फोटो. ट्रॅकवरच्या गाडीला आरसी नसते, तिथं खरेदीचं बिल.
- चॅसिस आणि इंजिन नंबरचे फोटो
- जुना भाग, शक्यतो स्वच्छ धुऊन
- भाग गाडीवर असतानाचे फोटो, दोन-तीन बाजूंनी. वायरचं काम असेल तर प्लगच्या पिना आणि वायरींचे रंग दिसतील असे.
- व्हर्नियर, छोटी टेप, मार्कर पेन
- कॅटलॉगमधला पार्ट नंबर, मिळाला असल्यास

जुना भाग नेणं सगळ्यात महत्त्वाचं. भाग काढला की गाडी उभी राहते, म्हणून लोक टाळतात. पण शंभर फोटोंनी जे कळत नाही ते काउंटरवर दोन भाग शेजारी ठेवले की क्षणात कळतं.

५. दुकान कसं निवडायचं

अधिकृत स्पेअर काउंटरवर कंपनीचा माल खात्रीचा मिळतो, पण नंबर प्लेटवाल्या गाड्यांपुरताच. साध्या स्पेअरच्या दुकानात बेअरिंग, सील, केबल, लिव्हर हे सगळं मिळेल, मात्र माप तुम्हाला माहीत हवं. तिसरा प्रकार म्हणजे मातीतल्या गाड्यांचंच काम करणारी मोजकी दुकानं. पुण्यात मोटोक्रॉसची जुनी हौस आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरीही इथंच झाली. त्यामुळे असा जाणकार इथं सापडतो. बऱ्याचदा तो मूळचा मेकॅनिक असतो आणि गॅरेजच्या बाजूच्याच गाळ्यात पार्ट ठेवतो.

जाणकार ओळखायची खूण सांगतो. तो भाग काढून देण्याआधी प्रश्न विचारतो. गाडी कुठं चालवता, पाण्यात घालता का, आधीचा भाग किती टिकला, हँडल बदललंय का. माझ्यासमोर एका मुलानं चाकाचं बेअरिंग मागितलं होतं. काउंटरवरच्या काकांनी त्याचं जुनं बेअरिंग दोन बोटांत धरून कानाजवळ फिरवलं, मग सीलची कड नखानं उचलून आतलं ग्रीस बघितलं. ते चहासारखं पातळ आणि तपकिरी झालं होतं. ‘बेअरिंग देतो, पण हबच्या बाजूचं सील आणि मधली स्पेसरची नळी बघून घे. पाणी तिथून आत येतंय, नाहीतर दोन महिन्यांनी पुन्हा येशील.’ त्यांनी बेअरिंगसोबत स्वस्तातलं एक सील दिलं आणि मुलाचा पुढचा सगळा खर्च वाचवला. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात हे मिळत नाही. चार पैसे जास्त गेले तरी मी अशा दुकानातूनच घ्यावं म्हणतो ते यासाठी.

निघण्याआधी फोन करा, फोटो पाठवा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. तेव्हा काउंटरला गर्दी असते आणि तुमच्या सीलचं माप घ्यायला कुणाला सवड नसते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी, दुकान उघडून स्थिरस्थावर झाल्यावर गेलेलं बरं.

६. काउंटरवर: कुठला माल घ्यायचा

‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ हा प्रश्न येणारच. बाजारात ढोबळ चार प्रकार असतात. एक, गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला. दोन, कंपनीला जो कारखाना तो भाग पुरवतो त्याच्याच नावानं मिळणारा, याला ओईएम म्हणतात. तीन, नावाजलेल्या तिसऱ्या कंपनीचा, उदाहरणार्थ रोलॉन किंवा डायमंडचे चेन सेट. चार, बिननावाचा लोकल.

लोकल माल सरसकट वाईट नसतो. मातीत गाडी पडणारच. लिव्हर, इंडिकेटर, फूटरेस्टचं रबर, मडगार्ड यांवर कंपनीचा भाव मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. लोकल घ्या, दोन घ्या. पण ब्रेक पॅड, ब्रेकची नळी, चाकाचं बेअरिंग, चेन, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश, एक्सल, एटीव्हीचे टायरॉड (हँडलपासून पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्या) आणि बॉल जॉइंट यांत काटकसर नको. उतारावर हे भाग दगा देतात तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही. ओईएम मिळत असेल तर बहुतेक वेळा तोच सगळ्यात शहाणा सौदा ठरतो, कारण कारखाना तोच असतो आणि दर कमी पडतो.

तेल घेताना दोन गोष्टी बघा. इंजिन ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं हवं. आपला क्लच तेलात बुडालेला असतो आणि कारचं तेल घातलं की तो घसरू शकतो. ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घ्या, बहुधा डॉट ४. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, ते डॉट ४मध्ये मिसळायचं नाही. ब्रेक ऑइल नेहमी सीलबंद छोटी बाटली घ्या. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते.

घासाघीस करायला हरकत नाही, पण आधी माल ठरवा आणि मग भाव बोला. भावावरून सुरुवात केली की दुकानदार तुमच्या भावात बसणारा माल काढतो.

७. डुप्लिकेट कसा ओळखायचा

पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सगळ्या करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे. लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापं आणि पाकीटबंद मालाच्या २०११च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. आयात केलेल्या भागावर कुठल्या देशातला ते लिहिलेलं हवं. लेबलवरचा पार्ट नंबर आणि भागावर कोरलेला नंबर जुळतो का बघा. छपाई पुसट असेल, नावातलं एखादं अक्षर चुकलेलं असेल, लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं असेल तर ठेवून द्या.

बेअरिंगमध्ये डुप्लिकेट फार चालतो. एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’ नावाचं ॲप आहे, त्यातून पाकिटाचे फोटो पाठवून कंपनीकडूनच खातरजमा करता येते. बेअरिंग काउंटरवर बोटात फिरवूनही बघा: खरं बेअरिंग जडसर, एकसारखं फिरतं. खडखडलं तर नको.

८. एटीव्हीवाल्यांसाठी खास

इथं थोडा वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त पैसे एटीव्हीवालेच वाया घालवतात.

पहिली अडचण सीडीआयची, म्हणजे प्लगला वेळेवर स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची. गाडी स्पार्क देत नाही म्हणून लोक पहिल्यांदा सीडीआय बदलतात. बाजारात पाच पिनांचे, सहा पिनांचे डबे मिळतात, आणि प्लग बसला म्हणजे चालेल असं वाटतं. पण सीडीआय दोन जातींचे असतात. एसी सीडीआयला वीज थेट मॅग्नेट कॉइलमधून, म्हणजे इंजिन फिरताना वीज बनवणाऱ्या कॉइलमधून मिळते, डीसी सीडीआयला बॅटरीतून. प्लग सारखा दिसला तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मल्टिमीटर लावून पाहा: किल्ली चालू केल्यावर सीडीआयच्या प्लगमधल्या एखाद्या वायरीत १२ व्होल्ट येत असतील तर तो बहुधा डीसी. सीडीआय घेण्याआधी किल स्विच, ओढायच्या दोरीचा स्विच, प्लगची टोपी आणि अर्थिंग तपासा. अनेकदा दोष तिथंच सापडतो, आणि बसवून पाहिलेला इलेक्ट्रिक भाग कुठलाही दुकानदार परत घेत नाही.

मॅग्नेट कॉइल घेताना कॉइलची संख्या, बोल्टच्या भोकांतलं अंतर आणि प्लग या तिन्ही गोष्टी जुळवा.

टायरॉडच्या टोकांबद्दल एक सूचना. एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे, म्हणूनच मधली दांडी फिरवून चाकांचं अलाइनमेंट करता येतं. ‘टायरॉड एंड द्या’ एवढंच म्हटलं तर दोन्ही सरळ आट्यांची मिळण्याची शक्यता असते. एक उजवा, एक डावा असं स्पष्ट सांगा.

हवेचा दाब पाहायला पेट्रोल पंपावरचं मीटर चालत नाही. एटीव्हीचे टायर फुग्यासारखे मऊ ठेवायचे असतात, बऱ्याच गाड्यांना ३ ते ७ पीएसआय पुरतं. नेमका आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो. कमी दाबाचं छोटं मीटर दुकानातून सोबतच घ्या.

किनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्यांनी केबल, बेअरिंग आणि चेन यांचा जास्तीचा संच घरात ठेवावा. खारं पाणी कुठल्याच ब्रँडला सोडत नाही.

आणि मुलांच्या एटीव्हीचा थ्रॉटल बदलत असाल तर वेग मर्यादित ठेवणारा स्क्रू नव्या भागावर आहे ना, हे दुकानातच बघा. तो नसलेला थ्रॉटल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

९. मागवून घ्यायचं असेल तर

कावासाकीची केएक्स, सुझुकीची आरएम-झेड यांचे कित्येक भाग तयार मिळत नाहीत. कावासाकीचं भारतातलं मुख्यालय पुण्यातच आहे, पण म्हणून प्रत्येक भाग दुसऱ्या दिवशी हातात पडेल असं धरू नका. ॲडव्हान्स देताना कागदावर लिहून घ्या: पार्ट नंबर, अंदाजे दिवस, एकूण किंमत, तिच्यात कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरले आहेत का, आणि भाग आलाच नाही तर पैसे किती दिवसांत परत. तोंडी बोलण्यावर राहिलं की चांगल्या ओळखीतसुद्धा कटुता येते. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका.

१०. बिल आणि कायदा

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५पासून मोटरसायकलच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी तो २८ होता. ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ हे ऐकून भुलू नका. भाग सदोष निघाला तर बिलाशिवाय तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या कागदांशी विसंगत ठरेल असे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे मोकळा सायलेन्सर वगैरे ट्रॅकपुरतं ठेवा. नोंदणी नसलेली डर्ट बाइक किंवा एटीव्ही रस्त्यावर आणायचीच नाही, टेम्पोत घालून न्यायची. अगदी ‘गॅरेजपर्यंतच’ असलं तरी.

११. बसवण्याआधी

नवा आणि जुना भाग शेजारी ठेवून पुन्हा एकदा जुळवा. दात मोजा, भोकं बघा, उंची बघा. खात्री होईपर्यंत पाकीट फाडू नका. लेबल शाबूत असलेला भाग बदलून मिळतो, तेल लागलेला मिळत नाही. चेनच्या लॉकची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेवा. उलटी लावली तर दगड-काटक्यांना लागून निघते. भाग बसल्यावर त्याचा नंबर आणि तारीख मोबाइलमधल्या त्याच नोटमध्ये टाका. जुना भाग लगेच भंगारात देऊ नका. नवा पहिल्या फेरीत नीट चालला की मग द्या.

दुकानातून निघताना डोंगरात न्यायच्या पिशवीसाठी काही वस्तू सोबतच घ्या: क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, क्लच केबल, प्लग, चेनचं जुळणारं लॉक, आणि ट्यूब. एक्सपल्सवाल्यांना दोन ट्यूब बाळगायची गरज नाही, पुढची २१ इंची एकच पुरते. मागची फुटली तर तीच १८ इंची चाकात घडी पडू न देता घालता येते आणि हळूहळू चालवत गाव गाठता येतं. घरी आल्यावर मात्र ती काढून मागच्या मापाची ट्यूब टाकायची.